मोटारीला स्टार्टर बसवला, आता घराकडे बघूया

ऊस विकास खात्याचा लेख म्हटला की त्यात लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, नाहीतर हुमणीचा बंदोबस्त असणार, असे सभासद बंधू-भगिनी धरूनच चालतात. आजवर आम्हीही तेच लिहीत आलो. या अंकात मात्र आम्ही पिकाबद्दल लिहिणार नाही. पीक घेणाऱ्या माणसाबद्दल आणि तो ज्या घरात राहतो त्या घराबद्दल लिहिणार आहोत. विषय वेगळा वाटला तरी शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. मोबाईल स्टार्टर आता आपल्या भागात घरोघर माहीत आहे. पूर्वी रात्री दोनला लाईट आली की बॅटरी हातात घेऊन, चिखल तुडवत, साप-किरडू चुकवत विहिरीवर जावे लागे. आता पेटीत सिमकार्ड घातलेले असते, घरात बसून फोन लावला की मोटर चालू. मोटर कोरडी चालली तर ती आपोआप बंदही होते. ही सोय केली म्हणून शेतकरी आळशी झाला, असे कुणी म्हणत नाही. उलट शहाणपणाचे काम केले असेच म्हणतात. जिथे पाय नेणे धोक्याचे आहे तिथे यंत्राने जावे, एवढाच त्यातला विचार.

हाच विचार आपण विहिरीपर्यंत नेला, पण घराच्या उंबऱ्याच्या आत आणला नाही. ज्याचा पाय विहिरीपर्यंतच काय, मोरीपर्यंतही पोचत नाही असा माणूस आपल्याच सोप्यात बाजेवर पडून असतो. त्याच्यासाठी आपण काय बसवले?

पाण्याची पाळी

२०२२ च्या पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदी तपासत आम्ही गटात फिरत होतो. एका सभासदाची नोंद तीन वर्षे त्यांच्या भावाच्या हातून येत होती. सभासद क्रमांक यांचा, सातबारा यांचा, सही भावाची. आम्ही चौकशी म्हणून घरी गेलो. सभासदांचे नाव येथे देत नाही, कारण नाव नको असे त्यांनीच सांगितले. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

अण्णांचे वय तेव्हा सेहेचाळीस, म्हणजे आमच्याच बरोबरीचे. २०१९ च्या हंगामात उसाच्या ट्रेलरवर चढून दोर आवळताना ते खाली पडले. पाठीचा मणका मोडला. कमरेखालची ताकद गेली ती परत आली नाही. तेव्हापासून त्यांचे जग म्हणजे सोपा आणि बाज.

त्यांच्या आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आम्ही प्यालो. अण्णांनी आपला पेला बाजूला सारला. ऊन होते, घाम येत होता, म्हणून आम्ही सहज म्हटले, "अण्णा, पाणी घ्या की."

ते म्हणाले, "न्हाई साहेब. संडासला न्यायला दोन माणसं लागत्यात. दुपारी दोघंबी रानात. म्हणून सकाळी नऊनंतर मी पाणीच पीत न्हाई."

आम्ही गप्प झालो. उसाला पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यावी हे आम्ही वीस वर्षे गावोगाव सांगत फिरतो. एका माणसाने स्वतःची पाळी का बंद केली, हे आम्ही तीन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. त्याच वर्षी लघवीच्या जंतुसंसर्गाने अण्णांना दोनदा दवाखान्यात न्यावे लागले होते. मणक्याच्या दुखण्यात लघवीचे विकार आधीच पाठीशी लागतात. त्यात पाणी तोडणे म्हणजे दुखण्याला खतपाणीच.

निघताना भावाने एक कागद पुढे केला. अण्णांचा शेअर आपल्या नावावर करण्याचा अर्ज होता. सही तेवढी राहिली होती. भाऊ वाईट माणूस नव्हे. तीन वर्षे त्याने दोन्ही रानांचे काम एकट्याने ओढले होते. पण आमच्या मनाला ते पटेना. आम्ही अण्णांकडे पाहिले. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "करून टाका साहेब. ज्याला पाणी कवा प्यायचं ते ठरवता येत न्हाई, त्यानं उसाचं काय ठरवायचं?"

आम्ही तो अर्ज पिशवीत घातला आणि म्हणालो, "दोन महिने थांबू. मग तुम्ही सांगाल तसे करू."

टोळी तोड करते, ऊस कुणाचा?

त्या दोन महिन्यांत आम्ही या विषयाचे जे मिळेल ते वाचले, दवाखान्यातल्या जाणत्या माणसांना विचारले. वाचता वाचता अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांची हकीकत समजली. १९५३ साली, चौदाव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर गेले. श्वासदेखील यंत्रावर. तरी १९६२ साली ते कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले. श्वासाचे ते मोठे यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यातली खोली हेच त्यांचे वसतिगृह झाले. पुढे १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच साथीदारांनी बर्कलीत 'स्वतंत्र जीवन केंद्र' उभे केले. राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्याने एके काळी त्यांना कामाला अपात्र ठरवले होते, त्याच खात्याचे ते १९७५ साली प्रमुख झाले.

या मंडळींनी एक गोष्ट जगाला समजावली. स्वतंत्र राहणे म्हणजे सगळे आपल्या हाताने करणे नव्हे. काय करायचे, केव्हा करायचे, कुणाकडून करून घ्यायचे, हे आपण ठरवणे म्हणजे स्वतंत्र राहणे. आपल्या भाषेत सांगायचे तर, तोड आपण स्वतः करतो का? टोळी करते. वाहतूक ट्रॅक्टरवाला करतो. म्हणून ऊस टोळीचा होत नाही की ट्रॅक्टरवाल्याचा होत नाही. ऊस आपलाच राहतो. अण्णांचेही तसेच आहे.

आपल्याकडचा कायदाही हेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते आता एकवीस आहेत. या कायद्याच्या तेराव्या कलमात दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा, वारसाने घेण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क दिला आहे. पाय गेले म्हणून सही जात नाही, हे सर्व सभासदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावे.

दूर कशाला जा, आपल्या कोल्हापुरातच नसीमा हुरजूक यांचे उदाहरण आहे. कॉलेजच्या वयात त्यांचे पाय गेले. १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली आणि शेकडो मुलामुलींचे शिक्षण व पुनर्वसन केले. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन आपल्या गावच्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्यावे.

उताराचे गणित, आणि आमची चूक

पहिले काम घरातून बाहेर पडण्याचे. अण्णांच्या घराला तीन पायऱ्या, जोत्याची उंची वीस इंच. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा ठरला. आम्ही नजरेने अंदाज घेतला आणि गवंड्याला सहा फूट लांबीचा उतार करायला सांगितला. मोटारसायकल चढते, मग खुर्ची का चढणार नाही, असा आमचा हिशेब.

पहिल्याच दिवशी खुर्ची अर्ध्यावर मागे झुकली. वहिनींनी आणि पुतण्याने धरली म्हणून अण्णा डोक्यावर आपटले नाहीत. चूक सर्वस्वी आमची होती. पाटाला उतार किती द्यायचा हे लेव्हल लावून बघणारे आम्ही, माणसाच्या बाबतीत नजरेवर गेलो.

नियम असा आहे की, एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट, वीस इंच जोते असेल तर वीस फूट. अंगणात सरळ वीस फूट जागा नसली तर काटकोनात वळवावा, वळणावर आणि दारापुढे पाच फूट लांब-रुंद सपाट जागा सोडावी म्हणजे खुर्ची वळते. रुंदी चार फूट ठेवावी. दोन्ही कडांना चार इंचांचा बांध घालावा म्हणजे चाक घसरून खाली जात नाही. कठडा दोन्ही बाजूंनी. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नये, ओल्या काँक्रीटवर खराट्याच्या रेघा ओढाव्यात. गुळगुळीत फरशीवर पावसाळ्यात धडधाकट माणूसही घसरतो.

दुसरा उतार असा केला आणि अण्णा त्यावरून स्वतःच्या हाताने चाके फिरवत अंगणात आले. तीन वर्षांनी. म्हातारीने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले. उंबऱ्याचे म्हणाल तर तो काढायला तिची तयारी नव्हती, आणि काढायची गरजही पडली नाही. सुताराने उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी करून दिल्या. चाक त्यावरून जाते, उंबरा जागच्या जागी आहे.

दुसरे काम लाजेचे, पण पहिल्याइतकेच महत्त्वाचे

अण्णांचा संडास परसात, घरापासून तीस पावलांवर. दार दोन फुटी, आत उघडणारे. चाकाची खुर्चीच सव्वादोन फूट रुंद, मग ती आत जाणार कशी?

दार तीन फुटी केले आणि बाहेर उघडणारे केले. आतला माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते आणि मदतीला जाता येत नाही, म्हणून हे महत्त्वाचे. घरापासून संडासापर्यंत काँक्रीटची वाट केली. आत बैठकीचे भांडे बसवले, त्याची उंची अठरा ते एकोणीस इंच, म्हणजे खुर्चीच्या बैठकीइतकी. दोन्ही बैठका एका पातळीत असल्या की हाताच्या जोरावर एकीवरून दुसरीवर सरकता येते. मधली फट भरायला अडीच फुटी गुळगुळीत लाकडी फळी. भिंतीला दीड इंची पाईपचे धरणे केले. हे धरणे गिलाव्यात स्क्रू मारून बसवू नये. माणसाचा सगळा भार त्यावर येतो, तेव्हा ते विटांत खोलवर बोल्ट घालून पक्के करावे. नळ आणि पाण्याची फवारणी बसल्या जागी हाताला येईल अशी.

ज्यांना एवढा खर्च जमणार नाही त्यांनी मध्ये भोक असलेली लोखंडी खुर्ची करून जुन्या भांड्यावर ठेवावी. गावातला वेल्डिंगवाला एका दिवसात करून देतो. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही ती उपयोगी पडते.

हे काम पुरे झाले त्या दिवशी अण्णांनी दुपारी बारा वाजता तांब्याभर पाणी प्याले. त्यांनी ते आम्हाला फोन करून सांगितले.

बाज, गादी आणि कूस

तिसरे काम बाजेचे. बाजेची उंची खुर्चीइतकी केली. पायथ्याला गाठी मारलेला जाड दोर बांधला, तो ओढून अण्णा स्वतः उठून बसतात. पक्षाघात झालेल्या माणसालाही, एक हात चालत असेल तर, असा दोर उपयोगी पडतो.

एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे म्हणून ठळक सांगतो. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला एका जागी बसून किंवा पडून जखम होते, आणि ती झाल्याचे त्याला कळत नाही. म्हणून अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलावी. खुर्चीत बसल्यावर अधूनमधून हातावर भार देऊन अंग उचलावे. खुर्चीत जाड फोमची किंवा हवेची गादी हवीच. रोज आरसा धरून पाठीची, माकडहाडाची, टाचांची पाहणी करावी. कातडी लाल दिसली आणि लाली जात नसली तर त्या जागेवरचा भार काढून डॉक्टरांना दाखवावे. गरम पाण्याची पिशवी किंवा शेकोटी जवळ घेऊ नये, भाजल्याचेही कळत नाही.

सरकण्याची, उठण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी. आम्ही किंवा शेजाऱ्याने सांगून ती येत नाही, उलट खांदा दुखावतो.

बटण, बेल आणि बोलणारा फोन

आता यंत्रांकडे येऊ. विजेचे बोर्ड आपल्याकडे उभ्या माणसाच्या खांद्याला बसवतात. ते साडेतीन फुटांच्या आत आणले की बसलेल्या माणसाचा हात पोचतो. याला यंत्रही लागत नाही, फक्त वायरमन लागतो.

बाजेपाशी बिनतारी बेलचे बटण ठेवावे, घंटी स्वयंपाकघरात. हाका मारून घसा बसत नाही आणि रात्री म्हातारीची झोपही उगाच मोडत नाही.

त्यापुढचे म्हणजे दिवे आणि पंखे फोनवरून चालवणे. बोर्डाच्या मागे लहान रिले बसवतात, किंवा प्लगमध्येच एक वेगळा प्लग लावतात. तो फोनला जोडला की बटण दाबायला उठावे लागत नाही. तत्त्व तुमच्या मोबाईल स्टार्टरसारखेच आहे. ज्यांचे हातही चालत नाहीत त्यांना बोलून काम करता येते, आता साध्या स्मार्टफोनलाही मराठी बोलणे समजते. मात्र एक पथ्य पाळावे. आपल्याकडे लाईट जाते, रेंजही जाते. म्हणून जुने बटण काढू नये, दोन्ही चालू ठेवावे. दाराला विजेचे कुलूप बसवले तर किल्लीनेही ते उघडले पाहिजे. आणि अनोळखी ॲपला फोनची सगळी दारे उघडून देऊ नयेत.

अण्णांनी घरातले दिवे जोडले आणि मग स्वतःच म्हणाले, "साहेब, मोटारीचा स्टार्टर भावाच्या फोनवर हाय. माझ्या रानाचा माझ्या फोनवर करा की." तो करून दिला. आता त्यांच्या रानाची पाळी ते ठरवतात.

प्रत्येकाची गरज वेगळी

अण्णांची गोष्ट म्हणजे सगळ्यांची नव्हे. आमच्याच गटात एका भगिनीचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला आहे. तिला उताराची गरज नाही. तिच्यासाठी सुताराने जाड फळीत गंज न चढणारे दोन खिळे टोके वर करून ठोकून दिले. कांदा-बटाटा त्यावर खोचला की एका हाताने चिरता येतो. फळी घसरू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. थरथरणाऱ्या किंवा मूठ न वळणाऱ्या हातासाठी चमच्याच्या दांड्यावर तीच ट्यूब गुंडाळून दांडा जाड करावा.

दिसत नसलेल्यांसाठी फोन पडद्यावरचे वाचून दाखवतो, ही सोय फोनमध्येच असते, फक्त चालू करावी लागते. पेल्यात पाणी वरपर्यंत आले की वाजणारे लहान यंत्र मिळते. आणि यंत्र नसेल तर दारापासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर ताणलेला दोरही पुरतो. वस्तू नेहमी जागच्या जागी ठेवणे, ही मात्र घरातल्या डोळस माणसांनी पाळायची शिस्त आहे. ऐकू न येणाऱ्यांसाठी बेल वाजली की दिवा लुकलुकतो अशी सोय आणि उशाखाली थरथरणारा गजर मिळतो.

म्हणून पहिला नियम असा की, ज्याला वापरायचे आहे त्याला विचारल्याशिवाय काही बसवू नये. आज जगभर दिसते त्या घडीच्या चाकाच्या खुर्चीचा उगमही असाच आहे. खाणीतल्या अपघातात पाय गेलेले अमेरिकन अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट यांना मोटारीत मावणारी खुर्ची हवी होती. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यंत्रांचे जाणकार. दोघांनी मिळून १९३० च्या दशकात ती घडवली. गरज एकाची, हत्यार दुसऱ्याचे. आपल्या गावात दोन्ही आहेत, फक्त गाठ घालून द्यायची आहे.

दुसरा नियम दुरुस्तीचा. ठिबकचा संच बसवला आणि फिल्टर धुतला नाही तर काय होते ते आपण पाहिले आहे. खुर्चीची हवा, ब्रेक, बेअरिंग महिन्यातून एकदा बघावे. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा आपल्या केंद्राआधीच खुर्च्यांच्या दुरुस्तीची सोय उभी केली होती, ती उगाच नव्हे.

कोठे जावे

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात २५० कोटींहून अधिक लोकांना चष्म्यापासून खुर्चीपर्यंत कोणते ना कोणते सहाय्यक साधन लागते, आणि सुमारे १०० कोटींना ते मिळत नाही. न मिळण्याचे एक कारण म्हणजे कोठे मागायचे हे माहीत नसणे. म्हणून थोडक्यात:

१. सर्वांत आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढावे. अर्ज ऑनलाईन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

२. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा विषय काढावा आणि हिशेब विचारावा.

३. केंद्र सरकारची सहाय्यक साधने देण्याची 'एडीआयपी' योजना १९८१ पासून आहे. कानपूरच्या 'ॲलिम्को' या सरकारी कारखान्याची तीनचाकी, खुर्च्या, कुबड्या, श्रवणयंत्रे तिच्या शिबिरांतून मिळतात. शिबिराची तारीख पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या दिव्यांग व समाजकल्याणाच्या कामकाजात विचारावी. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही झाले आहे.

४. पाय कापावा लागला असेल तर जयपूर फूटची माहिती घ्यावी. मास्टर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला हा पाय अनवाणी चालायला, मांडी घालायला आणि शेतात जायला चालतो.

५. शेतीतील अपघातासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. एक अवयव किंवा एक डोळा कायमचा गेल्यास १ लाख रुपये, दोन गेल्यास अथवा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे, वेळ न दवडता.

आणि अपघात होऊच नये यासाठी कडबाकुट्टीला, मळणीयंत्राला झाकण लावावे, आणि भरलेल्या ट्रेलरवर उभे राहून दोर आवळू नये. हे आम्ही प्रत्येक हंगामात सांगतो. अण्णांनाही सांगितले होते.

आमच्याच पायऱ्या

अण्णा बरे झाले, असे कुणी समजू नये. त्यांचे पाय चालत नाहीत, चालणारही नाहीत. अंघोळीला अजून मदत लागते. भावाशी हिशेबावरून मधूनमधून कुरबुर होते, पण ती आता दोन शेतकऱ्यांतली कुरबुर असते. शेअरचा तो अर्ज आमच्या टेबलाच्या खणात तसाच आहे. दोन महिने झाल्यावर आम्ही विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे साहेब. पुढच्या लागणीला मीच येतो सही करायला."

आणि ते आले. तीनचाकीवरून, तीन किलोमीटर, एकटे. आमच्या गट ऑफिसला तीन पायऱ्या आहेत. बारा वर्षे आम्ही रोज त्या चढतो, त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या. आम्ही रजिस्टर घेऊन बाहेर आलो आणि अण्णांनी रस्त्यात, उन्हात, सही केली. ते काही बोलले नाहीत. आम्हाला मात्र लाज वाटली.

गट ऑफिस, वजनकाटा आणि सभामंडप या तीन ठिकाणी उतार करावा, अशी लेखी विनंती आम्ही संचालक मंडळाकडे केली आहे. जोत्यांची मापे टेप लावून घेतली आहेत. नजरेने नाही. वार्षिक सभेत सभासदांनीही हा विषय काढावा.

तोपर्यंत प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या घरात, भावकीत किंवा शेजारी असा कुणी सभासद असेल, ज्याची नोंद दुसऱ्याच्या हातून येते, तर त्याच्या घरी जाऊन दोन घटका बसावे. पाणी मागावे, त्यालाही द्यावे, आणि तो ते पितो का हे बघावे. नसेल पीत, तर कारण विचारावे. गटाच्या शेतकी मदतनिसाकडे निरोप दिलात तर टेप घेऊन आम्ही येऊ.

– ऊस विकास अधिकारी